नळ उघडा का राहतो

पाणीपुरवठा खात्यात मी सोळा वर्षं काढली आणि एकदाही पाइपाला हात लावला नाही. माझं पद सांख्यिकी सहायक. नदीतून किती पाणी उचललं, टाकीत किती आलं, टाकीतून किती सुटलं, हे इंजिनियर लोक सांगत. ते पाणी घरात शिरल्यावर लोक त्याचं नेमकं काय करतात, हे शोधण्याचं काम माझ्याकडे होतं. एम.ए.ला माझा मुख्य विषय अर्थशास्त्र आणि जोडीला मानसशास्त्र. या जोडीला नोकरी कोण देणार, असं नातेवाईक विचारत. पाण्याने दिली.

‘खात्यातले अनुभव लिहा’ असं संपादकांनी सांगितल्यावर मी सवयीप्रमाणे आधी यादी केली. एकवीस प्रसंग निघाले. वीस खोडले. उरलेला एक इथे लिहिते आहे, कारण त्यातल्या माणसांचे आभार मानायचे राहून गेले आहेत. काळ ऐंशीच्या दशकाचा शेवट, जागा डोंबिवली पश्चिम. माणसांची नावं बदलली आहेत आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही.

प्रथम रचना सांगते. टाकीपासून एक पाइपलाइन निघत असे. वाटेत तिच्यावर चौदा नव्या इमारती होत्या आणि शेवटी, खाडीच्या काठाला, एक जुनं कोळ्यांचं गाव. गावात दोन सार्वजनिक नळ. पाणी दिवसातून एकदा, पहाटे पाच ते सकाळी नऊ यांच्यामध्ये कधीतरी सुटायचं. ते सोडणारे आमचे चावीवाले भोईरमामा. चावीवाला म्हणजे खड्ड्यातला व्हॉल्व्ह लांब लोखंडी चावीने फिरवणारा माणूस. भोईरमामा आटे मोजून पाणी सोडत. सुरुवातीच्या इमारतींत नळ वाहते राहिले की लाइनीतला दाब संपायचा आणि शेवटच्या गावात नळातून नुसती हवा यायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत पाणीपुरवठा समितीपुढे एक प्रस्ताव गेला. त्यात दोन गोष्टी होत्या. नदीतून जास्त पाणी उचलायला कर्ज काढून नवे पंप बसवायचे, आणि तोवर तूट भरून काढण्यासाठी गावातले दोन्ही सार्वजनिक नळ बंद करायचे. फुकटचं पाणी वाया जातं, असं कारण दिलं होतं. गावाला पर्यायी नळ दाखवला होता तो रेल्वेच्या रुळांपलीकडचा.

आमचे साहेब, कार्यकारी अभियंता देवस्थळी, सरळ माणूस. त्यांनी मला बोलावलं.

“बाई, तुमचं ते मानसशास्त्र काही कामाला येतंय का बघा. चाळीस दिवसांनी बैठक आहे. याच लाइनीत पाणी वाचवून दाखवलंत तर मी प्रस्ताव अडवतो. नाहीतर नळ जाणार.”

“तुमचं स्वतःचं मत काय आहे, साहेब?”

“माझं मत एकच. दर वाढवा. खिशाला चटका बसला की माणूस सुधारतो.”

मीही हेच शिकून आले होते. किंमत वाढली की मागणी घटते. पण वर्षभरापूर्वी आम्ही इमारतींचा दर नळागणिक वाढवला होता आणि पाण्याचा वापर उलट वाढला होता. का, ते मला एका गृहस्थांनी तोंडावर सांगितलं होतं. “आधी थोडं चोरट्यासारखं वाटायचं गाडी धुताना. आता पैसे भरतोय ना? मग हक्काने धुतो.” दर ठरलेला, मग नळ चमचाभर चालवा की दिवसभर. पैशाने लाज तेवढी धुऊन नेली होती.

मी कामाला लागले. माझ्या जुन्या पाहणीचा फॉर्म अकरा रकान्यांचा होता: पिणं, स्वयंपाक, अंघोळ, कपडे, भांडी वगैरे. शेवटी प्रश्न होता, ‘पाणी वाया जातं का?’ चौदाही इमारतींतल्या घराघरांनी लिहिलं होतं, ‘नाही.’ सगळ्यांची बेरीज केली तरी जेवढं पाणी सुटत होतं त्याच्या जवळपासही आकडा जाईना. एक तर पाइप गळत होता, नाहीतर लोक खोटं बोलत होते. पाइप दोनदा तपासला. ठणठणीत होता. मग मी ठरवलं की विचारणं बंद आणि बघणं सुरू.

पहिल्या इमारतीत सामंतकाकू राहत. मूळच्या मालवणकडच्या, माझ्या आईच्या ओळखीच्या. सकाळी पाचला त्यांच्या ओट्याशी स्टूल टाकून बसले. नळ पूर्ण उघडा, खाली रिकामी बादली.

“काकू, नळ उघडाच?”

“मग कळणार कसं गं पाणी आलेलं? आधी फुसफुसतो, मग खाकरतो, मग येतं. झोपेतसुद्धा ऐकू येतं मला.”

सहा वाजून गेले तरी पाणी नाही. काकू डब्याच्या पोळ्यांना लागल्या. सव्वासहाला नळ खाकरला. काकूंचे हात कणकेत. बादली भरली, वाहू लागली, पोळी तव्यावर होती. ती उतरवून, हात धुऊन त्या नळाशी आल्या तेव्हा आणखी एक बादलीभर पाणी मोरीतून गेलं होतं. त्याच इमारतीत एक जोडपं दोघंही नोकरीला जायचं. त्यांच्या बंद घरातला उघडा नळ दिवसभर कोणासाठी खाकरत होता, ते खालच्या मजल्यावरच्या ओल्या छताला माहीत.

पण माझा खरा धडा पुढेच होता. पाणी आलेलं बघून काकूंनी तांब्याची कळशी उचलली, काठोकाठ भरलेली, आणि मोरीत उपडी केली. मग हंडा. मग पितळी पिंप, तेही निम्म्याहून जास्त भरलेलं.

“काकू! हे काय?”

“काय म्हणजे? शिळं पाणी.”

“काल संध्याकाळी तर तुम्ही पाणी नाही म्हणून आमच्या कार्यालयाला शिव्या दिल्यात!”

“मग काल नव्हतंच. उद्या आलं नाही तर, म्हणून जपून ठेवलं होतं हे. आता ताजं आलं ना? अगं, घरात शिळं पाणी कोण ठेवतं?” आणि मग माझ्याकडे रोखून बघत, “तुझ्या घरी ठेवता?”

आमच्या घरी रोज सकाळी कळशी मीच उपडी करत होते, लग्न झाल्यापासून. त्याआधी आई करायची. हात आपोआप जायचा, घासायचा, भरायचा. अकरा रकान्यांचा फॉर्म मी स्वतः बनवला आणि त्यात या पाण्याला रकाना ठेवला नाही, कारण ते वाया जातं असं मलाच कधी वाटलं नव्हतं. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. आम्ही सगळ्या जणी उद्याच्या भीतीने भरत होतो आणि ताज्याच्या हौसेने ओतत होतो.

दुसऱ्या दिवशी लाइनीच्या दुसऱ्या टोकाला, गावात गेले. नळाशी बायकांची गर्दी, त्यात हिराबाई. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. नवरा खाडीत जाळं टाकायचा आणि त्या मासळीची पाटी घेऊन दारोदार विकायच्या. घरात सहा माणसं आणि सून दिवस गेलेली. पाणी भरून झाल्याशिवाय त्यांना पाटी उचलता येत नसे.

मी वही काढली. “हिराबाई, पाणी रोज किती वाजता येतं?”

“तू हापिसातली ना गो बाय? तुना म्हाईत नाय, मना कसा म्हाईत असल?” बायका हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार?

त्यांच्या घरी मी बघत बसले. हंड्यातलं कालचं पाणी बादलीत गेलं, त्यात भांडी विसळली, मग त्याच पाण्यात पाटी धुतली, शेवटी ते दाराशी केळीला गेलं. मी विचारलं, “शिळं पाणी ओतून नाही देत?”

हिराबाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “मासली शिली व्हते बाय. पानी कसा शिला व्हल?”

नळ बंद होणार हे गावात पोचलं होतं. हिराबाई त्यावर फार बोलल्या नाहीत. सुनेकडे बघून एवढंच म्हणाल्या, “ही कशी रूल वलांडल?” आणि नदीतून आणखी पाणी उचलण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्यांचा नवरा जाळं विणता विणता म्हणाला, “उन्हाल्यान गोडा पानी खाडीन कमी येतो, तवा मासली पन कमी. अजून वर ओढलात तं आमी काय खावाचा?” हा रकानाही इंजिनियरांच्या प्रस्तावात नव्हता.

कार्यालयात येऊन मी साहेबांपुढे दोन ओळींची यादी ठेवली. एक, पाणी रोज ठरलेल्या वेळी सुटेल आणि ती वेळ प्रत्येक फाटकावर लिहिलेली असेल. दोन, शिळं पाणी ओतू नका असं कोणालाही सांगायचं नाही. त्याऐवजी ओट्याखाली एक बादली ठेवायला सांगायचं. कळशी खुशाल उपडी करा, फक्त बादलीत. रीत तशीच राहते, पाणी कपड्यांना मिळतं.

“एवढंच?” साहेब म्हणाले. “उपदेश नाही, दंड नाही?”

“नाही.”

भोईरमामांनी मात्र मान हलवली. “साडेपाच म्हंजे साडेपाच, मी सोडतो बाई. पन लोकांचा भरोसा नाय बसनार लगेच. मी वीस वर्सं शिव्या खाल्ल्यात, मना म्हाईत हाय.”

ते म्हणाले तसंच झालं. पहिले आठ-दहा दिवस नळ उघडेच. साडेपाचला पाणी येत होतं, पण उद्याही साडेपाचलाच येईल हे कोणी मानायला तयार नव्हतं. भोईरमामा तापाने फणफणलेले असताना एक दिवस मुलाच्या सायकलवर मागे बसून व्हॉल्व्हपाशी आले. मी रागावले तर म्हणाले, “आज चुकलो तं पुन्ना एकपासून मोजाया लागल.” मानसशास्त्राच्या कुठल्याही प्राध्यापकाने मला विश्वासाबद्दल इतकं थोडक्यात शिकवलं नाही. बाराव्या दिवशी सामंतकाकूंनी रात्री नळ बंद करून झोपायला सुरुवात केली. पंधराव्या दिवशी गावातल्या नळाला सलग तासभर पाणी आलं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण हाताशी आकडे असले की माझ्यातली यादीवाली बाई गप्प बसत नाही. प्रत्येक इमारतीच्या जोडणीवर आम्ही तात्पुरते मीटर बसवले होते. मी चौदा इमारतींची क्रमवारी लावली, सर्वांत कमी वापर वर, सर्वांत जास्त खाली, आणि सुवाच्य अक्षरात चौदा फाटकांवर चिकटवली. खालचे शरमतील आणि सुधारतील, असा माझा हिशेब होता.

खालच्या दोन इमारती सुधारल्या हे खरं. पण वरच्या सहा बिघडल्या. यादीत पहिल्या आलेल्या इमारतीचे सेक्रेटरी निवृत्त मुख्याध्यापक, नाईकसर. ते यादी हातात घेऊनच कार्यालयात आले.

“बाई, हे तुम्ही लावलंत?”

“हो सर. अभिनंदन. तुमची इमारत पहिली.”

“अभिनंदन कसलं? रात्री कमिटीची सभा झाली. ठराव काय झाला माहीत आहे? शेजारचे आपल्या दुप्पट वापरतात आणि दर तोच भरतात, तर आपणच काय गाढव आहोत? आजपासून गच्ची धुणार आहेत लोक.” मग यादी टेबलावर ठेवत, “मी विरोधात मत दिलं. एकटंच.”

खरोखर गच्च्या धुतल्या गेल्या. काटकसर करणाऱ्यांना शेजारी किती उधळतात ते मीच दाखवून दिलं होतं. तीन दिवस गावात थेंब आला नाही. चौथ्या दिवशी बायकांनी भोईरमामांना व्हॉल्व्हपाशी घेरलं. त्यांनी बिचाऱ्यांनी चूक माझी असल्याचं सांगितलं नाही, ते मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. चौदा याद्या मी स्वतः फाडल्या. बैठकीला पंधरा दिवस उरले होते. यादी फाडल्याने आकडा लोकांच्या डोक्यातून जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि पुढे काय करायचं ते अजिबात ठाऊक नव्हतं.

ते हिराबाईंनी केलं, आणि ठरवून केलं असं मला आजही म्हणता येत नाही. पाचव्या दिवशी मी सामंतकाकूंच्या फाटकात उभी होते. वेळ ठरल्यापासून हिराबाई एरवी आठला यायच्या, त्या दिवशी साडेदहाला आल्या. काकूंसह सात-आठ बायका वाट बघून वैतागलेल्या.

“काय गं हिराबाई, ही वेळ आहे? डबे गेले आमचे मासळीशिवाय!”

हिराबाईंनी पाटी खाली ठेवली. “पानी नव्हता.”

“आमच्याकडे तर होतं की. साडेपाचलाच आलं.”

“मंग. तुमचे गच्चीन गेला, तो माजा पानी.”

“तुझं? तुझं गाव कुठे, आमची इमारत कुठे!”

“पाइप येकच हाय, बाय. तुमी पयल्या, आमी शेवटल्या. चार दीस झाले, पोर पोटुशी हाय, तिला लांबचे विहिरीवर धाडतंय.” रागाने नाही बोलल्या. कोलंबीचे वाटे लावता लावता बोलल्या. “घेवाची का कोलंबी? उशीर झाला, पन ताजी हाय.”

चार वर्षं रोज भाव करणाऱ्या या बायकांना आपण आणि हिराबाई एकाच पाइपवर आहोत हे माहीतच नव्हतं. मी नकाशे बनवले होते, तक्ते बनवले होते, ‘पाणी वाचवा, शहर वाचवा’ असं लिहिलेली पत्रकं वाटली होती. शहर कोणाला दिसत नाही. रोजची मासळीवाली दिसते.

सामंतकाकू कोलंबी निवडता निवडता शेजारणीला म्हणाल्या, “तुमच्या मिस्टरांना सांगा, गच्ची काय देवघर आहे का रोज धुवायला?” आणि हिराबाईंना, “उद्या आठला ये हं. मी बघते.”

त्यांनी खरंच बघितलं. पुढच्या आठवड्यात त्या चौदा इमारतींत ओट्याखालची बादली कशी पसरली, ते मला माझ्या वहीपेक्षा बायकांच्या तोंडून जास्त कळलं. कोणी हळदीकुंकवाला विषय काढला, कोणी जिन्यात. जिथे मासळी जात नव्हती तिथे भाजीवालीच्या पाटीभोवती गोष्ट गेली. नाईकसरांनी नवी सभा बोलावली. या वेळी ते एकटे नव्हते. मी या काळात एकच शहाणपणा केला, काही चिकटवलं नाही.

बैठकीच्या दिवशी ठरावाचा कागद टाइप होऊन आला होता, ‘दोन्ही सार्वजनिक नळ बंद करण्यास मंजुरी’ असा. मी दहा मिनिटं बोलले. वेळ पाळली तर साठा कमी होतो, साठा कमी तर ओतणं कमी. नळागणिक सरसकट दर असेल तर वाचवणारा मूर्ख ठरतो, म्हणून प्रत्येक इमारतीला मीटर हवा आणि बिलावर फक्त त्या इमारतीचाच मागचा वापर हवा, शेजारचा नको. माझी यादीची चूकही सांगितली. साहेबांनी खालून खुणावलं की ते सांगू नका, पण मी सांगून मोकळी झाले.

एका सदस्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही फाटकाफाटकावर फिरलात म्हणून हे झालं. तुम्ही थांबल्यावर टिकेल का?”

प्रामाणिक उत्तर होतं, ‘माहीत नाही.’ तेच दिलं. खोलीत चुळबुळ सुरू झाली. तेव्हा देवस्थळीसाहेब उठले, ज्यांचा दरवाढीवर विश्वास होता आणि माझ्या बादल्यांवर नव्हता. “वेळ चुकली तर लोक पुन्हा नळ उघडे ठेवतील, एवढं मला या महिन्यात कळलं. म्हणजे टिकणं न टिकणं लोकांच्या हाती नाही, माझ्या हाती आहे. वेळेची लेखी हमी मी देतो. नळ ठेवा.” नळ बंद करण्याची ओळ खोडली गेली. पंपांचा प्रस्ताव परत पाठवला गेला आणि पुढे पुष्कळ लहान होऊन आला. मीटरची शिफारस मंजूर झाली. अंमलाला वर्षं लागली, आणि काही लाइनींवर अजूनही झालेली नाही, ही खंत आहे.

दुपारी भोईरमामा आणि मी गावात गेलो. हिराबाई अंगणात जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, वाळवत होत्या. मी बातमी सांगितली. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, सुनेला हाक मारून सांगितलं, आणि आत जाऊन तेलाचे दोन पत्र्याचे डबे घेऊन आल्या. तोंडं कापलेली, आडवा लाकडी दांडा बसवलेला, नवेकोरे.

“हे कशाला?” मी विचारलं.

“रुलांपल्याडना पानी आनाला. डोक्यावर हंडा असला तं मान वलत नाय गो, गाडी दिसत नाय. हातान डबे असले का दोनी बाजू बगता येते. म्हनून बनवून घेतले व्हते.”

“कधी?”

“तू पयल्यांदा आली ना वही घेवन? त्याच्या दुसऱ्या दिशी.”

भोईरमामा खाली बघू लागले. चाळीस दिवस त्या बाईंनी मला घरात बसवलं होतं, प्रश्नांची उत्तरं दिली होती, फाटकात माझं काम माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं, आणि या सगळ्या दिवसांत ते डबे आत तयार होते.

हिराबाईंनी डब्यांचे दांडे उपटून काढले आणि चुलीशी टाकले. मग एक डबा माझ्याकडे सरकवला.

“धर गो जरा नीट. जवला भरतंय.”